दोन घरांमधली सात मिनिटं: इंग्लंडमधल्या एका कौन्सिल टेंडरचा प्रकरण अभ्यास

३० ऑक्टोबर २०२४, बुधवार. दुपारी अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज संसदेत बजेट मांडत होत्या आणि आमच्या संस्थेच्या छोट्या ऑफिसात मालकीण ताई, रोटा (केअररच्या कामाचं वेळापत्रक) लावणारी आमची सहकारी आणि मी एकाच लॅपटॉपभोवती बसलो होतो. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेचं, होमकेअरचं (घरी जाऊन द्यायच्या सेवेचं) टेंडर भरायला सोळा दिवस उरले होते. १५ नोव्हेंबरला दुपारी बाराच्या ठोक्याला पोर्टल बंद होणार होतं. किमान वेतन एप्रिलपासून तासाला ११.४४ पौंडांवरून १२.२१ वर जाणार, हे आदल्या दिवशीच कळलं होतं. मालकाने कर्मचाऱ्यामागे भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक विम्याचा हप्ता, १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के होणार, आणि तो वर्षाला ९,१०० पौंडांऐवजी ५,००० पौंडांच्या पगारापासूनच लागू होणार, हे मात्र त्या दुपारी कळलं. दोन आठवडे खपून मी तयार केलेला दरपत्रकाचा तक्ता त्या क्षणी जुना झाला.

पुढच्या सोळा दिवसांत आम्ही काय ठरवलं आणि त्याचं काय झालं, ते इथे तपशिलात मांडते आहे. अशी टेंडरं भरणारे बरेच मराठी लोक आता इंग्लंडमध्ये आहेत, आणि आपल्याकडेही वृद्धसेवेचं काम आज ना उद्या सरकारी कंत्राटांवर येईल असं मला वाटतं.

कोण, कुठे, कशासाठी

आमची संस्था मिडलंड्समधल्या एका गावातली. केअरर, म्हणजे घरोघरी जाऊन सेवा देणारे कर्मचारी, चाळीसच्या आसपास. मालकीण मूळच्या सांगलीच्या. नर्स म्हणून इथे आल्या, वीस वर्षं एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, काढली आणि मग ही संस्था सुरू केली. मी त्यांना ताई म्हणते. हिशेब आणि टेंडर ही दोन कामं माझ्याकडे.

पुण्या-मुंबईत आईला सांभाळायला ब्युरोची बाई ठेवतात आणि पैसे मुलगा किंवा मुलगी देते. इंग्लंडमध्ये ज्याच्याजवळची पुंजी २३,२५० पौंडांच्या आत आहे आणि ज्याची गरज तपासणीत सिद्ध झाली आहे, त्याच्या सेवेचा खर्च पूर्ण किंवा काही अंशी कौन्सिल उचलते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही सेवा बहुतेक ठिकाणी कौन्सिलचे स्वतःचे कर्मचारीच देत. १९९० चा एनएचएस अँड कम्युनिटी केअर ॲक्ट हा कायदा १९९३ मध्ये पूर्णपणे लागू झाला आणि कौन्सिल सेवा देणाऱ्याच्या जागी सेवा विकत घेणारी झाली. आज होमकेअरचे बहुतेक तास खाजगी आणि धर्मादाय संस्थांकडून विकत घेतले जातात. त्यांची खरेदी टेंडरने होते.

या खरेदीला दोन कायद्यांची चौकट होती. २०१४ च्या केअर ॲक्टनुसार आपल्या भागातला सेवेचा बाजार टिकवणं हे कौन्सिलचं कर्तव्य आहे. त्या कायद्याच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे की कौन्सिलने दिलेल्या दरातून केअररला किमान वेतन मिळालं पाहिजे आणि त्यात एका घरातून दुसऱ्या घरी जायला लागणारा वेळही धरला पाहिजे. दुसरी चौकट खरेदीच्या नियमांची. नवा प्रोक्युअरमेंट ॲक्ट २४ फेब्रुवारी २०२५ ला लागू झाला. आमचं टेंडर त्याआधीचं, त्यामुळे ते २०१५ च्या नियमांखाली निघालं होतं.

बाजार टिकवण्याचं कलम कायद्यात आलं त्यामागे मोठी पडझड आहे. २०११ मध्ये सदर्न क्रॉस ही कंपनी कोसळली. तिची सुमारे ७५० केअर होम्स होती आणि त्यांत ३१,००० माणसं राहत होती. कायदा आल्यानंतरही, नोव्हेंबर २०१८ मध्ये, अलाइड हेल्थकेअर या होमकेअर कंपनीबद्दल सीक्यूसीने, म्हणजे इंग्लंडच्या सेवा-नियामक संस्थेने, ८४ कौन्सिलांना लेखी इशारा दिला होता. कंपनी बुडते म्हणजे सोमवारी सकाळी साडेसातला ज्या आजोबांना उठवून बसवायचं असतं, त्यांच्या दारात कुणी येत नाही. टेंडरच्या आकड्यांकडे बघताना हे सतत डोळ्यांसमोर असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

टेंडर काय होतं

चार वर्षांचं फ्रेमवर्क, म्हणजे ज्यांना काम देता येईल अशा संस्थांची ठरलेली यादी. गावचा एक झोन, आसपासच्या खेड्यांचा एक झोन. प्रत्येक झोनला तीन संस्था निवडणार आणि त्यांना क्रम देणार. नवं काम आधी पहिल्या क्रमांकाला विचारणार, त्याने दोन तासांत हो म्हटलं नाही तर दुसऱ्याला. एकाही तासाची हमी नाही. १०० गुणांपैकी किमतीला ४०, गुणवत्तेला ६०. पहिल्या वर्षी दर कायम, त्यानंतरची वाढ कौन्सिल ठरवणार. आणि दोन्ही झोनसाठी कमाल दर एकच: तासाला २६ पौंड. त्याच्या वर एक पेनी गेली तरी बोली बाद.

आपल्याकडे टेंडर म्हटलं की पहिला शब्द येतो एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दर. मीही पहिल्या दिवशी त्याच डोक्याने बसले होते.

एका तासाची फोड

कौन्सिल पैसे देते ते केअरर घरात असते तेवढ्याच वेळाचे. आमच्या गावात एक कॉल, म्हणजे केअररची एका घरची एक फेरी, साधारण अर्ध्या तासाचा. एका घरातून दुसऱ्या घरी जायला सरासरी सात मिनिटं. म्हणजे घरातल्या एका तासामागे दोन कॉल आणि चौदा मिनिटं रस्त्यावर.

आम्ही पगार ठरवला तासाला १२.६० पौंड. त्यावर चौदा मिनिटांचे २.९४. झाले १५.५४. सुट्टीचे पैसे १२.०७ टक्के, म्हणजे १.८८. आजारपण आणि ट्रेनिंगचे ६० पेन्स. इथे बेरीज १८.०२. मग नॅशनल इन्शुरन्स. आठवड्याला पंचवीस तास भरणाऱ्या केअररचा वर्षाचा पगार १६,३८० पौंड होतो. जुन्या नियमाने तिच्यामागे आम्ही सुमारे १,००५ पौंड भरले असते, नव्या नियमाने १,७०७. म्हणजे पगाराच्या १०.४२ टक्के. वरच्या १८.०२ वर हे १.८८ पडतात. पेन्शनचे ३३ पेन्स, गाडीच्या तीन मैलांचे १.०५. एकूण २१.२८. यात अजून ऑफिसचं भाडं नाही, मॅनेजर नाही, रोटा लावणारी नाही, विमा, हातमोजे, सीक्यूसीची फी, काहीच नाही. त्या सगळ्याला आम्ही हात आखडून ४.४० धरले. बेरीज २५.६८.

बजेटच्या आधी मी किमान वेतन १२.१० आणि आमचा पगार १२.५० धरला होता. तेव्हा २१.२८ च्या जागी २०.३४ येत होते. म्हणजे बजेटने तासामागे ९४ पेन्स वाढवले. आठवड्याला ४५० तास काम धरलं तर वर्षाला बावीस हजार पौंड. होमकेअर असोसिएशन ही इथली संस्थाचालकांची संघटना दर वर्षी किमान योग्य दर जाहीर करते. २०२५-२६ साठी तिने इंग्लंडकरता सांगितलेला दर ३२.१४ पौंड होता. कमाल २६ आणि योग्य ३२.१४, अशा कात्रीत आम्ही बसलो होतो.

खेड्यांच्या झोनमध्ये हाच तक्ता चालवला. तिथे एका कॉलमागे चौदा मिनिटं रस्ता आणि तासामागे दहा मैल. ऑफिसचा खर्च धरण्याआधीच २७.४३. सगळं धरून ३१.८३. प्रश्न विचारण्याची मुदत संपायच्या आत आम्ही पोर्टलवर विचारलं: खेड्यांसाठी कमाल दर वेगळा असेल का? दोन दिवसांनी सगळ्यांना दिसेल असं उत्तर आलं: नाही, दोन्ही झोनना एकच.

निर्णयाची संध्याकाळ

गुरुवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ताईंना म्हटलं, "ताई, रस्त्याची मिनिटं काढली तर आपण बावीस पौंडांच्या आत येतो. गाव नक्की आपलं."

त्यांनी कॅलक्युलेटर स्वतःकडे ओढला. बारा पॉइंट साठ गुणिले साठ, भागिले चौऱ्याहत्तर. पडद्यावर १०.२२ आलं.

"तिने चौऱ्याहत्तर मिनिटं काम करायचं आणि तिला तासाला दहा पौंड बावीस पेन्स? हे कायद्यात बसत नाही. आणि बसलं असतं तरी मी केलं नसतं. मीही कधीकाळी बसमध्ये बसून पेशंटकडे जात होते, तो वेळ मी घरी झोपून काढत नव्हते."

होमकेअरमध्ये कॉलच्या मधला प्रवास कामाचाच वेळ धरावा लागतो, हे मला माहीत होतं. तरी डेडलाइन जवळ आली की माहीत असलेलं मागे पडतं. त्या संध्याकाळी कॅलक्युलेटर माझ्या हातात राहिला असता तर आम्ही कदाचित काही वेगळंच भरलं असतं.

दोन गोष्टी ठरल्या. खेड्यांच्या झोनला बोली लावायची नाही. आणि गावासाठी दर २५.९०. तासामागे शिल्लक २२ पेन्स, ४५० तासांवर अख्ख्या वर्षाची ५,१४८ पौंड. हा व्यवहार आतबट्ट्याचा नव्हता, पण त्याच्या काठावरच होता.

गुणांचा हिशेब

रात्री घरी येऊन मी टेंडरचं गुण देण्याचं सूत्र पहिल्यांदा नीट वाचलं. ते आधी वाचायला हवं होतं. किमतीचे गुण असे: सगळ्यात कमी दर भागिले तुमचा दर, गुणिले ४०. समजा कुणी २२.८० भरले आणि आम्ही २५.९०, तर त्याला ४० आणि आम्हाला ३५.२१. तीन पौंड दहा पेन्स खाली उतरून मिळणार किती? पाच गुणही नाहीत.

गुणवत्तेचे पाच प्रश्न होते. सेवेतलं सातत्य १५ गुण, केअररची भरती आणि टिकाव १५, सुरक्षितता १०, कंत्राटाची सुरुवात १०, सामाजिक मूल्य १०. प्रत्येक उत्तराला ० ते ५ मार्क, मग त्याचं वजनात रूपांतर. पंधराच्या प्रश्नात ३ मार्कांऐवजी ५ मिळाले की सहा गुण वाढतात. पगारातून तीन पौंड कापण्यापेक्षा एक उत्तर नीट लिहिणं जास्त गुणांचं होतं. एल-वनचं भूत माझ्या डोक्यातून उतरलं ते तेव्हा.

एक उत्तर

प्रश्न होता: सेवेत सातत्य आणि वेळेची शिस्त कशी राखाल? मर्यादा ५०० शब्द. माझ्या पहिल्या मसुद्यात "व्यक्तिकेंद्रित", "सर्वसमावेशक", "उच्च दर्जा" असे शब्द ओळीने होते. ताईंनी वाचून कागद उलटा ठेवला आणि रोटा लावणाऱ्या सहकारीला विचारलं, "तू रोज काय करतेस ते सांग."

तिने संगणकावर एका आजोबांची नोंद उघडली. पार्किन्सन्सचे पेशंट. त्यांची गोळी वेळेवर पोटात गेली नाही तर शरीर आखडतं, पलंगावरून उठवणंही अवघड होतं. सकाळचा कॉल ७.३० चा. केअरर दारातला टॅग फोनने स्कॅन करते तेव्हा वेळ आपोआप नोंदली जाते. मागच्या २८ सकाळी पडद्यावर एकाखाली एक होत्या: ७.२८, ७.३१, ७.३४, ७.३०... पंचवीस सकाळी दहा मिनिटांच्या आत. तीन सकाळी उशीर. त्या महिन्यात त्यांच्याकडे एकूण चार वेगवेगळ्या केअरर गेल्या होत्या.

"ते तीन दिवस लिहू का?" मी विचारलं.

"तेच आधी लिही," ताई म्हणाल्या. "का झाले, कुणी फोन केला, दुसऱ्या दिवशी काय बदललं."

मग उत्तर तसंच लिहिलं. एका दिवशी आधीच्या घरी आजी पडलेल्या सापडल्या, केअरर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबली. ऑफिसने ७.१९ ला आजोबांच्या मुलीला फोन केला आणि शेजारच्या रस्त्यावरची दुसरी केअरर ७.४६ ला पोचली. दुसऱ्या उशिराच्या सकाळी दाट धुकं होतं. तिसरा उशीर आमचीच चूक होती, रोट्यात प्रवासाची मिनिटं कमी धरली होती. ती सातवर नेली आणि त्यानंतर त्या रस्त्यावर उशीर झालेला नाही, हे आकड्यांसह दिलं. नाव-पत्ता कुणाचाही नाही. नाइस या संस्थेच्या २०१५ च्या होमकेअर मार्गदर्शिकेत अर्ध्या तासापेक्षा लहान कॉल फक्त ठरावीक परिस्थितीतच ठेवावेत असं म्हटलं आहे. आम्ही पंधरा मिनिटांचे कॉल कुठे घेतो आणि कुठे नाकारतो, तेही दोन ओळींत लिहिलं.

भरतीच्या प्रश्नात रस्त्याच्या मिनिटांचे पैसे देतो हे सांगून एका खऱ्या पगारपत्रकाची फोड दिली, नाव झाकून. सामाजिक मूल्यावर फार वेळ घालवला नाही. स्थानिक कॉलेजातल्या मुलांना कामाचा अनुभव देण्याचं आश्वासन दिलं, कारण ते आम्ही आधीपासून करत होतो.

कमी पडलो ते कंत्राटाच्या सुरुवातीच्या प्रश्नात. जुन्या संस्थेकडचं काम नव्या संस्थेकडे आलं की ते काम करणारे कर्मचारीही त्याच अटींवर नव्या संस्थेकडे येतात. इथे त्याला सगळे ट्यूपी म्हणतात. बाहेर पडणाऱ्या संस्थेने दिलेली यादी आमच्या हातात डेडलाइनच्या चार दिवस आधी पडली. अकरा ओळी, नावांऐवजी अंक, तास आणि दर. आम्ही ती जशीच्या तशी धरली आणि उत्तर घाईने संपवलं.

१५ नोव्हेंबरला अकरा वाजून वीस मिनिटांनी शेवटची फाइल चढली.

निकाल

जानेवारीत पत्र आलं. गावच्या झोनमध्ये आम्ही दुसरे. गुणवत्तेचे ४९: सातत्याला पूर्ण पंधरा, भरतीला बारा, सुरक्षिततेला आठ, सामाजिक मूल्याला आठ आणि सुरुवातीला सहा. किमतीचे ३५.२१. एकूण ८४.२१. पहिल्या संस्थेचा दर २४.६०, तिला ८७.०७. सगळ्यात कमी दर खरंच २२.८० होता, आणि ती बोली ७८ गुणांवर तिसरी आली.

ताईंनी पत्र दोनदा वाचलं. त्या म्हणाल्या, "तीन गुण कुठे गेले ते बघ." सुरुवातीच्या प्रश्नात पाच मार्क असते तर आम्ही ८८.२१ वर असतो, पहिले. घाईने संपवलेलं तेच उत्तर.

१ एप्रिल २०२५ ला काम सुरू झालं. अकरापैकी सहा केअरर आमच्याकडे आल्या. १८ एप्रिलला गुड फ्रायडे आणि २१ ला ईस्टर मंडे होता. त्या आठवड्यात त्यांतली एक जुना करार घेऊन ऑफिसात आली. बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, दुप्पट पगार, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आमच्या यादीत ते नव्हतं. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि आम्ही पैसे दिले. चौकशी केली तेव्हा सहापैकी तिघींचा करार तसाच निघाला. वर्षाला आठ बँक हॉलिडे असतात, आणि आमची शिल्लक तासाला २२ पेन्स. आता मी टेंडरच्या प्रश्नांत पहिला प्रश्न हाच विचारते: यादीतल्या कुणाला बँक हॉलिडे, रात्र किंवा रविवारचा वेगळा दर आहे का, आणि कराराची कोरी प्रत मिळेल का.

पहिल्या क्रमांकाची संस्था संध्याकाळचे कॉल सगळे घेऊ शकत नव्हती, त्यामुळे दुसरे असूनही जूनपर्यंत आमचे तास चारशेच्या वर गेले. सातत्याच्या उत्तरात लिहिलेले ते आजोबा अजून आमच्याकडेच आहेत आणि सकाळचा कॉल ७.३० चाच आहे.

खेड्यांचा झोन

तिथे एकाच संस्थेने बोली लावली होती आणि काम तिला मिळालं. उन्हाळ्यात तिने कॉल परत करायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये कौन्सिलमधून ताईंना फोन आला. आमच्यापासून अकरा मैलांवरचं एक खेडं, तिथल्या एक आजी हॉस्पिटलातून घरी यायच्या होत्या. दिवसातून चार कॉल, प्रत्येक कॉलला दोन केअरर, कारण हॉइस्टने, म्हणजे माणसाला उचलायच्या यंत्राने, उचलायचं होतं. कुठल्या दराने घ्याल, असं त्यांनीच विचारलं. ताईंनी नोव्हेंबरमधला तक्ता काढून ३१.८३ सांगितला. अर्ध्या तासात दर मान्य झाल्याचा निरोप आला.

मी आणि रोटा लावणारी सहकारी संध्याकाळी सातपर्यंत बसलो. त्या बाजूला जाणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या आमच्या फक्त दोन केअरर होत्या आणि दोघींच्या सकाळी भरलेल्या होत्या. परदेशातून नवीन केअरर आणण्याचा रस्ता २२ जुलैपासून बंद झाला होता. गावातली जाहिरात तीन आठवडे लागलेली होती, तिला दोन अर्ज आले होते आणि दोघांकडेही गाडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ताईंनी फोन करून नाही सांगितलं. आजी आणखी किती दिवस हॉस्पिटलात राहणार, असं त्यांनी विचारलं. पलीकडून उत्तर आलं: कुणी मिळेपर्यंत.